गवताआडचा घोडा

५ जानेवारी
काम मिळालं. संपादकबाईंचा फोन आला होता. लहान मुलांचं पुस्तक, सगळी चित्रं माझी. गोष्ट अशी की एक घोडा सायकल शिकतो आणि शाळेत जायला लागतो. बाईंनी विचारलं, घोडा जमतो ना? म्हटलं, घोडा म्हणजे माझ्या हातचा मळ. त्या म्हणाल्या, बरं झालं, भलेभले चित्रकार घोड्याला टरकतात आणि सायकलला तर त्याहून जास्त. मी नुसता हसलो.

आजवर आपण एकही घोडा काढलेला नाही हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पण ससे आयुष्यभर काढतोय. घोडा म्हणजे तरी काय, ताणलेला ससा. कान तेवढे कमी करायचे.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून चहाच्या आधी दहा घोडे.

६ जानेवारी
जाग अकराला आली. उद्या वीस काढीन, म्हणजे हिशेब जुळेल. आज टेबल आवरलं. सगळ्या पेन्सिलींना टोकं केली आणि फिकट ते गडद अशा ओळीने लावल्या. निम्मं काम हेच असतं, पण लोकांना ते दिसत नाही. बायको संध्याकाळी तिच्या औषधांच्या दुकानातून आल्यावर म्हणाली, मग, किती झालं? म्हटलं, निम्मं.

९ जानेवारी
गोटीने त्या दिवशी फोन ऐकला होता. सहा वर्षांची पोर, पण कान फार तिखट. तिने वर्गात जाहीर केलंय की माझा बाबा जगातला कुठलाही प्राणी काढतो, घोडा तर डोळे मिटून. तिच्या वर्गाच्या बाईंचा मेसेज आला. मार्चअखेर मुलांचे आईबाबा वर्गात येऊन आपापलं काम दाखवणार आहेत, तर तुम्ही फळ्यावर घोडा काढाल का?

गोटी शेजारीच उभी होती. तिचा चेहरा बघितला आणि हो लिहून टाकलं. मार्चला अजून खूप अवकाश आहे.

१४ जानेवारी
अभ्यासाला सुरुवात. घोड्याचा व्हिडिओ लावला. तो सारखा पळतो. पॉज केला तर पाय नेमके एकमेकांत. पुढचे एका बाजूला वाकतात, मागचे दुसऱ्या. माणसाचं दोन गुडघ्यांवर भागतं, यांची चैन बघा. ज्याने कुणी हे पाय मंजूर केले त्याला नक्कीच चित्रं काढायची नव्हती.

पहाटे उठण्याचा संकल्प मागे घेतला. थंडीत रेषा थरथरते.

१७ जानेवारी
व्हिडिओवर विसंबून चालत नाही. घोडा आतून कळला पाहिजे. हॉलमध्ये आरशासमोर ओणवा झालो, मागे शेपटीच्या जागी टॉवेल खोचला. पुढचा उजवा पाय उचललेला असतानाचा झोक टिपायचा होता. अडचण अशी की टिपायचं त्याच पायाने होतं. पेन्सिल तोंडात धरून बघत होतो तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्याकडे घराची किल्ली असते. क्षणभर थांबल्या, पिशवी ठेवली आणि आत गेल्या. एका शब्दाने विचारलं नाही. कलाकाराला समजून घेणारी बाई.

रात्री जेवताना बायकोने हळूच विचारलं, तुला हल्ली कसला ताण आहे का?

२ फेब्रुवारी
पहिला घोडा पूर्ण. मला स्वतःला आवडला. बायकोने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, हा आजारी पडतो असं गोष्टीत आहे का? दिवसभर औषधं द्यायची सवय. तिचा दोष नाही.

३ फेब्रुवारी
सापडलं! घोडा राहतो कुरणात. कुरणात काय असतं? गवत. मग ते पोटापर्यंत का असू नये? पायांचा प्रश्नच मिटला. इतके दिवस घोडं कुठे पेंड खात होतं ते आज कळलं.

गोटी स्टूल ओढून शेजारी बसली होती. विचारलं, याचे पाय कुठेयत? म्हटलं, गवतात आहेत. तिला लगेच पटलं. चित्रकला मोठ्यांच्या आधी मुलांना कळते.

११ फेब्रुवारी
झपाट्याने काम चाललंय. दुसऱ्या पानावर पोट नीट बसेना, म्हणून गवत मानेपर्यंत घेतलं. तिसऱ्यावर फक्त कान आहेत. चौथ्यावर गवत हलतंय, एवढ्यावरून जाणकाराने ओळखावं. एकेक पातं मात्र वेगळं. बुंध्याशी जाड, टोकाशी बारीक, सगळी वाऱ्याने एकाच अंगाला झुकलेली. गोटी शाळेतून आली की रोज शेजारी बसते आणि कोपऱ्यातली पाती तिला देतो. हात धरून शिकवलं नाही, बघून बघून शिकली.

१९ फेब्रुवारी
संपादकबाईंचा फोन. त्यांना रफ स्केचेस मिळाली. त्यांनी विचारलं, रस्त्यावर गवत का आहे? म्हटलं, गाव दुर्लक्षित आहे. त्यांनी विचारलं, शाळेच्या वर्गात, अगदी फळ्यापर्यंत? म्हटलं, सुट्टीत कुणी लक्ष दिलेलं नाही. मग त्या म्हणाल्या, आणि सायकल? म्हटलं, बाई, पान आठवर गवतातून घंटी वर आलीय, नीट बघा. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भारावल्या असाव्यात.

२० फेब्रुवारी
बायकोला माझी भूमिका समजावली. दाखवलेला घोडा एकच असतो, न दाखवलेला घोडा प्रत्येक मुलाचा वेगळा. याला मी सूचक घोडा म्हणतो. ती म्हणाली, उद्यापासून मीपण गिऱ्हाइकांना सूचक गोळ्या देते, रिकामी पाकिटं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माणूस आपल्याला ओळखत नाही.

२८ फेब्रुवारी
आज थेट लेखकांचा फोन. म्हातारे गृहस्थ, आवाज मऊ. म्हणाले, माझ्या गोष्टीत एकच घोडा आहे, तो कुठेतरी एकदा दिसावा एवढीच इच्छा आहे. म्हटलं, दिसेल. म्हणाले, माझ्या हयातीत?

मी यांचं काय घोडं मारलंय कळत नाही. पण शब्द दिला, आता मागे हटणार नाही.

६ मार्च
शब्द पाळला. मधल्या जोडपानावर अख्खा घोडा, नाकापासून शेपटीपर्यंत, सायकलवर. गवताचं एक पातंही नाही. इथे धंद्यातली एक खुबी कामाला आली. दोन पानांच्या मधली घडी शिवणीत जाते आणि तिथलं चित्र पुस्तक गिळून टाकतं. नवशिके तिथे चुकून हिरोचं तोंड काढतात आणि रडत बसतात. मी मुद्दाम पोट, चारही पाय आणि सायकल असं सगळं घडीत बसवलं. डावीकडे मान, उजवीकडे शेपूट. बाकीचं बाइंडर बघून घेईल.

१३ मार्च
पुस्तकाची कच्ची प्रत आली. बाइंडरने काम जरा जास्तच मनापासून केलंय. डाव्या पानावर एक तोंड आहे. उजव्या पानावरून कुणीतरी निघून चाललंय. संपादकबाईंनी विचारलं, हा दुसरा प्राणी कोण आणि तो का रुसलाय? म्हटलं, त्यांचं नातं मी वाचकांवर सोडलंय.

बाई म्हणाल्या, मी लेखकांशी बोलते.

१८ मार्च
निर्णय झाला. गोष्ट बदलली. आता त्यात घोडा नाही, नाकतोडा आहे. सायकल नाही, तो उड्या मारत शाळेत जातो. बाई म्हणाल्या, तुमचं गवत इतकं जिवंत आहे की एकही पान टाकवत नाही. नाकतोडा मात्र टोपीवाला काढणार. टोपीवाला म्हणजे तो घरातसुद्धा टोपी घालून बसणारा चित्रकार, ज्याला मी कधीच स्पर्धक मानलेलं नाही. पहिल्या पानावर छापणार आहेत, चित्रे: तो. गवत: मी.

शांतपणे विचार केला तर हा सन्मानच आहे. गवतासाठी स्वतंत्र श्रेय मिळालेला चित्रकार माझ्या तरी ऐकण्यात नाही.

बायकोला सांगितलं. ती टोमणा मारेल म्हणून तयारीत होतो. तिने चहा करून आणला आणि शेजारी बसून राहिली. हे जास्त लागलं.

गोटीला सांगितलेलं नाही. तिच्या वर्गात घोडा काढायचा शुक्रवार जवळ आलाय.

२४ मार्च
गोटीच्या वर्गाच्या बाईंना फोन केला. सुचवलं की घोडा आता सगळीकडेच असतो, तर ससा चालेल का? बाई म्हणाल्या, मुलं घोड्याची वाट बघतायत, अख्खा फळा तुमच्यासाठी रिकामा ठेवलाय. विचारलं, फळा किती मोठा आहे? मोठा आहे म्हणे.

सरावाला बसलो. आधी पेन्सिलींना टोकं केली. मग लक्षात आलं की तिथे खडू असतो.

२६ मार्च
उद्या. गोटीने तिचे आणि माझेही कपडे कपाटातून काढून खुर्चीवर ठेवलेत. शेवटच्या बाकावरचा उंच मुलगा म्हणाला होता की डोळे मिटून कुणालाच घोडा येत नाही. हिने त्याला सांगितलंय, उद्या बघ. झोपताना मला म्हणाली, बाबा, तू डोळे उघडे ठेवलेस तरी चालेल.

भीती वाटतेय. घोड्याची नाही. काढून झाल्यावर ती मागे वळून वर्गाकडे बघेल, त्या क्षणाची वाटतेय. अर्थात प्रत्येक मोठ्या कलाकाराला आदल्या दिवशी असं होतच असणार.

२७ मार्च, दुपारी
माझ्या आधी एकीची आई होती. ती अग्निशमन दलात आहे, तिने सगळ्यांना हेल्मेट घालून बघू दिलं. मग एकाचे बाबा. ते बेकरीवाले, त्यांनी गरम पाव वाटले. असल्या सवंग लोकप्रियतेनंतर मी उभा राहिलो.

डोळे उघडे ठेवून काढला. पूर्ण काढला, पायांसकट, कुठेही पळवाट नाही. बाजूला झालो. मग पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, टेबल. दुसरा म्हणाला, टेबल नाही, मगर आहे, पण उभी. एक मुलगी रडवेली होऊन बाईंना विचारायला लागली की ते मेलंय का. उंच मुलगा नुसता गोटीकडे बघत राहिला. बाई म्हणाल्या, चला, आपण काकांसाठी टाळ्या वाजवू या. वाजल्या थोड्या.

गोटी उठली. कान लाल झालेले. माझ्याकडे बघितलं नाही, पोरांकडेही नाही. बाईंची खुर्ची फळ्यापाशी ओढली, वर चढली, हिरवा खडू घेतला आणि खालून गवत काढायला लागली. पाय गेले. पोट गेलं. मान गेली. एक कान तेवढा राहू दिला. मग वर्गाकडे वळून म्हणाली, तो नवीन आहे. तुम्हाला घाबरून लपलाय. हळू बोला.

सगळा वर्ग एकदम चिडीचूप. उंच मुलाने कुजबुजत विचारलं, तो बाहेर कधी येणार? ती म्हणाली, माहीत नाही.

घरी येताना तिने माझा हात धरला होता. कोपऱ्यापर्यंत आलो. मग म्हणाली, बाबा, पुढच्या वर्षी आपण आईला पाठवू.

गवत मात्र फार सुरेख काढलं पोरीने. माझ्यावर गेलीय.