नीतीच्या बाईंचा कोट

३ जुलै, सोमवार, सकाळ
आजपासून आठवडाभर मी निरीक्षणाखाली. नात नववीत. शाळेत धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती असा विषय आहे, मागच्या परीक्षेत ती त्यातच आपटली. आता वीस मार्कांचा प्रकल्प : घरातला एक माणूस निवडा, तो किती वेळा खोटं बोलतो ते वहीत टिपा. हा नीट गेला तरच पोरगी पास. मी स्वतःहून पुढे झालो. म्हटलं, मला घे, वही कोरी राहील. चाळीस वर्षं टेलरिंग केलं, गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोललो नाही. स्वयंपाकघरात बायको जोरात हसली. तिला दुसरं काही आठवलं असणार.

संध्याकाळ
शाळा सुटल्यावर नात दुकानात स्टुलावर बसली. दोन तासांत अकरा नोंदी. सगळ्या एकाच गोष्टीच्या : उद्या देतो. समजावलं, अगं, हे खोटं नव्हे, ही टेलरची बोलायची पद्धत. म्हणाली, आजोबा, मग ते पँटचं कापड अजून कपाटात कसं? पोरीची नजर तीक्ष्ण. माझ्यावर गेलीय.

४ जुलै
दुपारी तिचं पुस्तक वाचलं. धडा तिसरा : कृतीपेक्षा हेतू मोठा. माझा हेतू तर सोन्यासारखा! कोणाचं मन मोडू नये. अकराही रद्द कर म्हटलं. ती म्हणे, चौथा धडा वाचा, त्यात परिणाम बघतात. परिणाम म्हणजे, एक गृहस्थ मुलाखतीला जुन्या पँटीत गेले. चौथा धडा घाईत लिहिलेला वाटतो.

५ जुलै
नीतीच्या बाई दुकानात. त्यांनी कोट शिवायला टाकून दोन महिने झाले. म्हटलं, झालाच, फक्त बटणं राहिलीत. बाई खूश. कापड अजून घडीतच आहे, पण बटणं राहिलीत हे काही खोटं नाही. तरीही नातीने लिहिलंच. वहीत कोणाचं नाव घालायचं नाही, माझ्या जागी नुसतं क्ष, हा नियम बरा आहे.

६ जुलै
ठराव : आज फक्त खरं. पहिल्याला म्हटलं, महिनाभर होणार नाही. तो कापड उचलून गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला म्हटलं, उद्या. दुकान चालवायचंय.
पाचवा धडा विचारतो, सगळेच असं वागले तर? सगळे टेलर असंच वागतात, आणि जग कपडे घालूनच फिरतंय! नात बराच वेळ डोळे मिटून विचार करत होती. थोडी घोरलीही.

९ जुलै, रविवार
एकूण एक्केचाळीस. धर्माचा धडा मोठ्याने वाचून दाखवला : सगळ्या धर्मांत क्षमा आहे. ती म्हणाली, त्याच्या आधी कबुली आहे, वरच्या ओळीत. मी चष्मा लावला नव्हता.

११ जुलै
आफत. वीसपैकी चार. बाईंनी लाल पेनाने लिहिलंय : एका माणसाने आठवड्यात इतकं खोटं बोलणं अशक्य, आकडे मनाने टाकलेत. खोटेपणाबद्दल मार्क कापले! पोरगी ढसाढसा रडली. तिने एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. उद्या शाळेत जातो. माझ्या शब्दाला वजन आहे.

१२ जुलै
बाईंना सांगितलं, एक्केचाळीसही खरे, तो क्ष मीच. बाई हसल्या. म्हणाल्या, मास्तर, नातीसाठी स्वतःवर कशाला ओढून घेताय? तुम्हाला खोटं बोलता तरी येतं का? जन्मात इतका गौरव झाला नव्हता. तिथेच थांबावंसं वाटलं. पण नात दाराशी उभी, नाक लाल.
म्हटलं, बाई, तुमचा कोट अजून कापलासुद्धा नाही.
बाईंना ताबडतोब पटलं. वीसपैकी अठरा.
मग म्हणाल्या, माझं कापड आहे तसं परत द्या. म्हटलं, उद्या नक्की.
नातीने तिथल्या तिथे दप्तरातून वही काढली. माझ्या प्रामाणिकपणाची नोंद करत असावी.