रोलमधली पहिली फ्रेम

१२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद, घ्यावासा वाटला तर. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त चालतं. स्टुडिओत सध्या शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो चालू आहेत.

चार वर्षांनी पत्र आलं तुझं, तेही तीन ओळींचं. "लेकीला कॅमेरा घेतलाय. उजेड मोजायचा मोड कुठला ठेवायचा ते तिला लिहून पाठव. मी सांगितलं तर चुकेल." मी आईला म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. ती म्हणाली, "पत्र वाचताना बरं जातं."

तर मोड तीन. एकात कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, दुसऱ्यात मधल्या भागाला जास्त वजन देतो, तिसऱ्यात, म्हणजे स्पॉटमध्ये, मधला टिकलीएवढा ठिपकाच बघतो. शिकताना सरासरी बरी. पण सगळे फोटो एकसारखे हवेत तर नुसत्या मोडच्या भरवशावर राहू नये. काल चाळीस पोरं आली, कुणाचा शर्ट पांढरा, कुणाचा काळा. ठिपका पांढऱ्या शर्टावर पडला की चेहरा काळवंडलाच. मी एकदाच चेहऱ्यावर उजेड मोजला, कॅमेऱ्याचे आकडे हातानं पक्के केले आणि चाळीसही सारखे काढले.

हे तुला काय सांगतेय मी? तूच शिकवलंस मला.

"मी सांगितलं तर चुकेल" हे वाक्य मात्र तुझं नाही. ते मी तुझ्या डोक्यात घातलंय.

बाबा गेल्यावर आठ दिवसांनी तू काढलेला त्यांचा रोल धुतला. खिडकीपाशी पांढऱ्या शर्टात बसलेले, छातीपर्यंतचा फोटो, आणि झाडून सगळ्या फ्रेममध्ये शर्ट राखाडी, चेहरा काळाठिक्कर. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मोड स्पॉटवर आहे एवढंही दिसलं नाही? बाबांचा शेवटचा फोटो घालवलास." तू मान खाली घातलीस. त्याच आठवड्यात कॅमेरे काउंटरवर ठेवून गेलास, आणि आता गोदामात खोकी रचतोस.

बाबांचा नियम तुला माहीत आहे. काम झालं की मोड परत सरासरीवर, मगच कॅमेरा खाली. वीस वर्षं आपण दोघांनी पाळला, म्हणून तू न बघता कॅमेरा उचललास.

यापुढचं लिहायला तीन कागद फाडलेत. तू ते फोटो काढलेस त्या दिवशी सकाळी बाबा झोपले होते. मी त्यांच्या हातांचा एक फोटो काढला. चादर पांढरीफटक, म्हणून स्पॉट हातावर धरला. तेवढ्यात आईनं हाक मारली आणि मी कॅमेरा तसाच ठेवून गेले. मोड मी परत फिरवला नव्हता रे.

रोल मीच धुतला होता. पहिली फ्रेम हातांची निघाली आणि चूक कुणाची ते कळलं. ती कात्रीनं कापली, पाकिटात लपवली, आणि मग बाहेर येऊन तुझ्यावर ओरडले. घाबरले होते. कुणावर तरी ढकलायचं होतं आणि तू समोर उभा होतास. नंतर उद्या सांगेन, परवा सांगेन करत राहिले. तू उलटून एक शब्द बोलला नाहीस, ते माझ्या पथ्यावरच पडलं. स्टुडिओत येणारी माणसं तुझं नाव काढतात, तेव्हा मी सांगते की त्याचं मन उडालं. किती खोटं बोलले मी.

ती फ्रेम सोबत पाठवतेय. हात स्वच्छ आलेत, नखांवरचे रसायनाचे डागसुद्धा दिसतात. चार वर्षं एकटीनंच पाहिले. बाबा तुझेही होते. हे पत्र पेटीत टाकलं की आईला सांगणार आहे.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. तुझ्या लेकीला मी काही लिहून पाठवणार नाही. तिला तू शिकव. हातात हात धरून शिकव.

तू चुकला नव्हतास.

ताई