साडेसहा नंबरचा हात

१२ नोव्हेंबर, सकाळ

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तुल्लिओ आणि मी हातमोजे घ्यायला गेलो होतो, तो दिवस आज उगाच आठवला. विशेष काही घडलं नव्हतं. बाहेर बोरा सुटला होता, थंडीतल्या या सोसाट्याच्या वाऱ्याने दुकानाची काच थरथरत होती. काउंटरवरच्या मखमली उशीवर मी कोपर टेकवलं आणि म्हाताऱ्या कोसुत्ताबाईंनी माझ्या एकेका बोटावर कातडं चढवलं. साडेसहा नंबर, म्हणाल्या, पियानो वाजवणारीचा हात. तुल्लिओ मागे उभा राहून भाजलेले चेस्टनट खात होता आणि सालं माझ्या पर्समध्ये टाकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, ती सगळ्यांनाच असं सांगते.

आठवायचं कारण, लेकीचा, ओंदिनाचा फोन. आठ डिसेंबरच्या सणाला जेवायला येते, मग थंडीचं काय ते ठरवू, म्हणाली. थंडीचं काय ते म्हणजे उदिने. तिथे तिच्या घरी खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे. समुद्र नाही. उदिनेत माणसं राहतात हे मी नाकारत नाही.

मागच्या थंडीत वाऱ्यात कठड्यावरून माझा हात सुटला आणि मनगट जरासं मुरगळलं. जरासंच. प्लास्टर ही डॉक्टरांची हौस. तेव्हापासून हिचं सुरू आहे: आई, तुझी बोटं आखडलीत, तुला कुलूप उघडता येत नाही, चौथ्या मजल्यावर एकटी कशी राहणार तू. मी म्हटलं, बोटं उत्तम आहेत, हातमोजे वाईट आहेत. तिने विचारलं, मग परवा बरणीचं झाकण कोणी उघडलं? फोनवर खरखर फार येत होती. ठेवला.

संकल्प: रोजच्या वापराचे, चामड्याचे, चांगले हातमोजे घ्यायचे. एकच जोड. कठडा धरता यावा, किल्ली फिरवता यावी, चारचौघांत सहज काढता यावेत. आठ तारखेला ओंदिनाने माझे हात बघावेत आणि उदिनेचा विषय मिटावा.

१३ नोव्हेंबर

निवेस नेहमीप्रमाणे सकाळी वर आली. दुसऱ्या मजल्यावर राहते, शाळेपासूनची मैत्रीण. एकटीला करमत नाही बिचारीला, म्हणून मी तिला रोज कॉफीला येऊ देते. आलीच आहे तर माझ्या कोटाची बटणं लावते. तिला तेवढाच विरंगुळा.

मग तेच जुनं दुकान. आता कोसुत्ताबाईंचा मुलगा बसतो, त्याचीही दाढी पांढरी झाली. त्याने तळव्याभोवती टेप फिरवली आणि म्हणाला, सिन्योरा, साडेसात. मी म्हटलं, टेप वापरून वापरून आखडली असेल. तो म्हणाला, असेल. घराण्याचे संस्कार आहेत.

साडेसहाचा जोड काढायला लावला. गडद निळा, कोकराचं कातडं, आत रेशमी अस्तर. त्याने हातमोज्याच्या बोटांमध्ये लाकडी चिमटा घालून कातडं ताणलं, आत पावडर मारली, मी उशीवर कोपर रोवलं. दोघांनाही घाम फुटला. पण चढला! हात असा दिसत होता की मला काही सुचेना. सिन्योरा, घरी काढता येतील ना, त्याने विचारलं. मी म्हटलं, बाबा रे, मी नन्सच्या हाताखाली शिकले आहे, हातमोजे काढणं हा आमच्याकडे विषय होता. काढताना मात्र त्याला एक पाय काउंटरला टेकवावा लागला.

१४ नोव्हेंबर

घरी चढत नाहीत. नवं कातडं प्रवासाने थकतं, त्याला विश्रांती लागते. निवेसला हे सांगितलं. ती म्हणाली, अगं, ते कोकरू मेलंय, त्याला आता कसला थकवा.

१५ नोव्हेंबर, रविवार

निवेसने पावडर मारून, माझा हात गुडघ्यात धरून चढवले. चर्चमध्ये मिस्साला गेलो. सगळ्या बायकांनी पाहिलं.

प्रसादाच्या रांगेत घोटाळा झाला. सगळे तळहात पुढे करतात, माझे हात कातड्यात. शाळेत सिस्टर बेनेदेत्ता शिकवायच्या तसं करंगळीपासून सुरुवात केली. करंगळी हलेना. अनामिकाही नाही. रांग थांबली. मागून निवेस कुजबुजली, दाताने ओढ. दाताने! देवासमोर! मी डोळे मिटले आणि पूर्वीच्या पद्धतीने जीभ पुढे केली. नंतर दोन बायकांनी माझ्या भक्तीचं कौतुक केलं. मी नम्रपणे ऐकून घेतलं.

कॉफीही हातमोज्यांतच प्यायले. संध्याकाळी निवेसने सिंकपाशी उभं करून भांड्यांच्या साबणाने सोडवले. कातड्याला डाग पडला आहे. पुढच्या बाजूने दिसत नाही, हात पाठीमागे धरले तर.

२० नोव्हेंबर

दुसरा जोड घेतला. सातचा. हात तेवढाच आहे, आतल्या लोकरीला जागा लागते. याच्या बोटांच्या टोकांनी फोनही चालतो. ओंदिनाला प्रात्यक्षिक म्हणून हातमोजे घालून फोन लावला. तो फादरना लागला. त्यांना वाटलं कोणीतरी अत्यवस्थ आहे, मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन निघाले होते.

२६ नोव्हेंबर

आज बोरा. कचऱ्याचे डबे समुद्राकडे चालले होते, स्कूटर रांगेने आडव्या. कसोटीचा दिवस म्हणून मुद्दाम बाहेर पडले.

सातचा जोड ऊबदार आहे, शंका नाही. फक्त फार गुळगुळीत. कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब दोन्ही हातांनी धरला तर मी त्याच्याभोवती फिरायला लागले. एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली. समोरून निवेस आली, नवऱ्याचे मासेमारीचे नारिंगी रबरी हातमोजे घालून. ओरडली, राणीसाहेब, नाच झाला असेल तर घरी चला, आणि मला पट्ट्याला धरून दारापर्यंत ओढत नेलं. जिन्यात मी तिला म्हटलं, निवेस, असलं रबर बाईमाणसाला शोभतं का? ती दुसऱ्या मजल्यावर बसून राहिली. धाप लागली होती तिला. वजन कमी करायला हवं तिने.

३ डिसेंबर

तिसरा जोड. गाडी चालवणाऱ्यांचा. तळव्याला खरखरीत कातडं, खांब अगदी घट्ट धरतं. मला गाडी नाही, पण खांब कुठे विचारतो. बोटांच्या सांध्यांवर भोकं आहेत, त्यातून वारा आत येतो. नेमका तिथेच का येतो कळत नाही.

७ डिसेंबर

सगळं ठरलं आहे. स्टेशनवर निळा जोड घालून जायचं, साडेसहाचा. ओंदिनासमोर सहज बोलत बोलत एकेक बोट सोडवून हातमोजा काढायचा, किल्ली फिरवायची, आत यायचं. मग ती काय बोलणार! घेवड्याचं आणि आंबवलेल्या कोबीचं सूप करून ठेवलं. बरणी निवेसने उघडली, पण ढवळलं मी.

८ डिसेंबर, संध्याकाळ

ओंदिना आणि नात ग्रेता आल्या. दारापर्यंत उत्तम. दारात किल्ली पडली. उचलली, पुन्हा पडली. मी म्हटलं, कुलूप नवं आहे. ग्रेता म्हणाली, आज्जी, हे आईच्या लहानपणापासूनचं आहे. ओंदिनाने काही न बोलता किल्ली घेतली. ती बोलते तेव्हा बरं असतं.

हातमोजे निघेनात. तिने मला स्वयंपाकघरात बसवलं, माझं कोपर टेबलावर टेकवलं आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवत गेली. तिला कोणी शिकवलं कोणास ठाऊक. हातमोजा निघाला. आतला हात माझाच होता. बराच सुजलेला, बोटं एका बाजूला कलंडलेली. थंडीने. तिने तो सोडलाच नाही. सूप गार होत होतं.

मग विचारलं, आई, सकाळी कोटाची बटणं कोण लावतं? मी म्हटलं, कोण लावणार, मीच. निवेस अक्रोडाचा केक घेऊन आलेली, खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. ओंदिनाने म्हटलं, निवेसमावशी? तर ती म्हणाली, मी तर कॉफीला येते गं वर. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, फुल्विया, माझे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतो जिना बंद. मी तुला सांगणार होते. मग तू ते निळे आणलेस.

केक चांगला झाला होता. अक्रोड जरा जास्त.

९ डिसेंबर

रात्री नीट विचार केला. माझ्या हातांचा प्रश्नच नाही. प्रश्न निवेसच्या गुडघ्यांचा आहे. मी इथे असेन तोवर ती जिना चढणार, तिचा स्वभावच तसा. तेव्हा केवळ तिच्यासाठी मी उदिनेला जायचं ठरवलं आहे. फक्त मार्चपर्यंत. वारा पडला की परत.

ओंदिनाला फोन करून हे स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, हो आई, निवेसमावशीसाठी. समजूतदार झाली आहे मुलगी.

२२ डिसेंबर

ओंदिनाने उदिनेहून पार्सल पाठवलं. मेंढीच्या कातडीच्या पिशव्या, अंगठा वेगळा, बाकी चारही बोटं एकत्र. दोरी गळ्यात अडकवायची, लहान मुलांसारखी. याला हातमोजे म्हणत नाहीत, त्यामुळे नंबरही नाही. हात सहज आत जातो, सहज बाहेर येतो. ऊब चांगली आहे. दोरी कोटाच्या आतून घेतली तर कोणाला कळत नाही. निवेसला कळलं. हसून हसून खुर्चीत बसली, मग डोळे पुसत म्हणाली, कॉन्व्हेंटच्या पहिल्या दिवशी अश्शीच दिसत होतीस बघ.

६ जानेवारी

उद्या ओंदिना गाडी घेऊन येईल. मार्चपर्यंतचाच प्रश्न, तरी वस्तू नुसत्या पडून राहू नयेत म्हणून लिहून ठेवते.

निळे, साडेसहाचे: ग्रेताला. तिला अगदी बरोबर बसतात. डागाबद्दल सांगू नये.

सातचे: ओंदिनाला. फोन लावण्यापूर्वी काढावेत.

भोकांचे: फादरना. त्यांना गाडी आहे.

तुल्लिओचा कोट चर्चच्या पेटीत. खिसे आधी मी तपासले आहेत, पुन्हा तपासायची गरज नाही.

कॉफीचं भांडं निवेसला, खाली तिच्या घरी. कपांपैकी निळ्या कडेचा तिचा, तोच सहा वर्षं वापरते आहे, बाकीचेही तिनेच घ्यावेत. खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंड्याही. त्यांना फार पाणी घालू नये, बोलावं मात्र.

स्वयंपाकघरातलं टेबल खालच्या नव्या जोडप्याला, त्यांच्याकडे नाही.

माळ्यावरची घडीची खुर्ची निवेसला. जूनमध्ये समुद्रावर, जिथे भिंत घालून बायका-पुरुषांच्या बाजू वेगळ्या केल्या आहेत, तिथली बायकांच्या बाजूची, भिंतीलगतची सावलीची जागा तिने सकाळी लवकर जाऊन धरावी, नाहीतर दोघी बहिणी येतात, त्या धरतात. एरवी आम्ही दोन टाकतो, यंदा टॉवेल एकच टाकला तरी चालेल.