म्हसोबाला बोललेला कोंबडा

सौ. सगुणास रायाजीचे आशीर्वाद.

तुझा नवस काल फेडला. आखाड लागला तसा वेशीबाहेरच्या म्हसोबाला कोंबडा दिला आणि दुपारी भाऊबंदांना जेवू घातलं. त्या पंगतीत काय झालं हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून आज मीच बोरू हातात घेतला आहे. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. आता येत असेल. तिकडे काय काय शिकवतात कोण जाणे!

खरं म्हणजे माझं पत्र तुला जिवंतपणीच मिळायला हवं होतं. मुलुखगिरीवर असताना कारकुनाच्या शेजारी बसून मी मोडी गिरवली होती. मोठ्या लोकांचे कागद घेऊन सांडणीस्वार पुण्याला यायचे, त्यांच्या थैलीत माझी एक ओळ सहज मावली असती. ‘सुखरूप आहे.’ दोनच शब्द! पण वाटायचं, तू ते वाचून घ्यायला पेठेत कुणाकडे जाणार, आणि लोक काय म्हणणार, शिलेदार बायकोला पत्र लिहितो! भाल्याला भ्यालो नाही आणि कसब्यातल्या हसण्याला भ्यालो. पावणेदोन वर्षांत एक ओळ पाठवली नाही.

पायात गोळी घेऊन, लंगडत घरी आलो तेव्हा तुला जाऊन सतरा दिवस झाले होते. सतराच! अंगणात पाऊल टाकलं तर समोरच्या सोप्यातून दादा धावत आले, गळ्यात पडून रडले. थोरला भाऊ रडतो म्हटल्यावर मीही रडलो. आता त्या रडण्याची किळस येते.

मग शेजारच्या यमुनाकाकू कुंभारणीने सांगितलं की तू माझ्यासाठी म्हसोबाला कोंबडा बोलली होतीस. मी जिवंत परतलो तर देईन म्हणून. पिल्लू असल्यापासून पायात लाल दोरा बांधून वाढवलास. “तो कुठाय मग?” मी विचारलं. काकू चुलीकडे बघत बसल्या आणि वहिनी आतून म्हणाल्या, “मुंगसानं नेला हो भाऊजी. सगुणा आजारी असतानाच नेला.”

मी मान डोलावली. मुंगूस कोंबडी नेतं, एवढं मलाही ठाऊक होतं. पण मी तर जिवंत परतलो होतो! देवाचं देणं माझ्या अंगावर होतं. मागे राहिल्या होत्या तुझ्या तीन कोंबड्या. ठरवलं की त्यांच्याच पोटचा कोंबडा वाढवायचा आणि तुझा शब्द पुरा करायचा. दादा हसले. म्हणाले, “रायाजी, तू घोडी राखणारा माणूस. कोंबड्या राखायला बायकांची अक्कल लागते.”

त्यांचं ते बोलणं खरं निघालं, हेच तर दुःख! घोड्याला जे मानवतं ते कोंबडीला का मानवू नये? मी त्यांना रोज भिजवलेले हरभरे घातले, वर गूळ. महिन्याभरात तिघी अशा तट्ट फुगल्या की उंबरा चढताना धापा टाकायच्या आणि अंडं म्हणून एक मिळेना. आळीतले कोंबडे अंगणात यायचेच, हरभरे थांबवले तेव्हा कुठे अंडी जमू लागली. तुझी ती ठिपक्यांची एक दिवस टोपलीत बसली ती उठेचना. अंग तापलेलं, पिसं फुललेली, हात लावला की चोच मारायची. मला वाटलं पोटशूळ. घोडीला देतात तसा आलं, हिंग आणि ओव्याचा काढा केला आणि तिची चोच उघडून पाजला. ती शिंकली गं! तोवर मला ठाऊक नव्हतं की कोंबडी शिंकते.

काकू कुंपणावरून बघत होत्या. “अवं रायाजीराव, ती काय आजारी न्हाय, खुडूक झालीया! अंडी घाला तिच्याखाली. काढा तुमीच प्या.”

प्यायलो नाही, पण अंडी घातली. तिच्या अंगाखाली हात घालायला मला समशेर उपसण्यापेक्षा जास्त धीर लागला. अकरांपैकी सात पिल्लं निघाली. दोन घारीने भरदुपारी उचलली, एक पाण्याच्या परळात बुडालं. मी रागाने घारीच्या मागे काठी घेऊन नागझरीच्या ओढ्यापर्यंत गेलो, लंगडत. सगळी आळी हसली. हसू देत. तू हे सगळं एकटीने करत होतीस आणि मी सुटीवर आलो की म्हणायचो, “त्या कोंबड्यांची घाण आधी काढ.” तुला किती लागत असेल ते! एकदा तरी उलटून बोलायचं होतंस.

उरलेल्या चारांतलं एक मी निवडलं. ऐटबाज चाल, मान ताठ, बाकीच्यांना दाण्यापासून हाकलणारं. हाच म्हसोबाचा! त्याच्या पायात लाल दोरा बांधला, त्याला वेगळं निवडून दाणे घातले, सरदार म्हणून हाक मारू लागलो. माघात सरदाराने अंडं घातलं.

काकू हसून हसून चाकावरून उठल्या आणि भिंतीला टेकल्या. मीही हसलो सगुणे, वर्षात पहिल्यांदा. दोरा सोडला आणि ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्या मळकट, भित्र्या पिल्लाच्या पायात बांधला. आठ दिवसांनी ते आरवलं. घसा बसल्यासारखं आरवलं, पण आरवलं.

याच दिवसांत एक गोष्ट मनात येऊ लागली. वर्ष सरत आलं, घारी पाहिल्या, मांजरं पाहिली, एकदा साप पाहिला. मुंगूस एकदाही दिसलं नाही.

आणि मग एका सकाळी दादा सोप्यावर उन्हात बसून, डोळे मिटून, पिसाने कान कोरत होते. लांबलचक पीस. काळंभोर, हिरवी झाक मारणारं, टोकाला पांढरं. दादांनी जन्मात कोंबडी पाळली नाही. मी काकूंना सहज विचारलं की असं पांढऱ्या टोकाचं शेपूट कुणाच्या कोंबड्याचं होतं. त्यांनी हातातलं मडकं खाली ठेवलं.

“सगुणाच्या,” त्या म्हणाल्या. “मी सांगनार न्हवते. थोरला भाऊ हाय तुमचा, घर फुटंल म्हनून गप ऱ्हायले. त्यांचं जावई आलं व्हतं. सक्काळीच कापला. पिसं उकिरड्यात पुरली, मी बघितली. सगुणा आतून रोज इचारायची, कोंबडा का गं आरवंना? थोरली म्हनली, मुंगसानं न्हेला. तवा ती गप झाली. मला म्हनली, ‘काकू, देवाचा कोंबडा देवाला पोचायच्या आधीच गेला. म्हंजी माझा मानूस गेला.’ त्या दिवसापास्नं तिनं पेज घेतली न्हाई.”

सगुणे, मी जिवंत होतो गं! तू तोंड फिरवून पडलीस त्या दिवशी मी नर्मदेच्या अलीकडे होतो, पुण्याच्या वाटेवर, भाकरी खात होतो! एका जावयाच्या रश्शासाठी तुला त्यांनी मला मेलेला समजायला लावलं. नुसता ताप तू झटकला असतास. मागे दोनदा झटकला होतास.

त्याच घटकेला कोनाड्यातली कट्यार काढावी असं वाटलं. काढलीही होती. मग ठेवली. दादांना एका घावात सोडायचं? अजिबात नाही! चार महिने मी त्यांच्याशी गोड बोललो, रामराम केला, वहिनींना अंडी नेऊन दिली. सुडाला काय लागतं ते मला कोंबडीने शिकवलं. अंड्यांवर बसलं की एकवीस दिवस हलायचं नाही.

काल पंगत बसली. रस्सा वहिनींनीच केला होता, मोठ्या हौसेने. दादा थोरले, म्हणून मानाच्या पहिल्या पाटावर. रीत तुला माहीत आहे, नवसाच्या कोंबड्याचं काळीज आधी वडीलधाऱ्याच्या पानात. मी वाढायला उठलो. सगळ्यांना वाढलं. दादांच्या पत्रावळीवर मीठ वाढलं, लिंबाची फोड वाढली आणि पुढे गेलो.

दादा म्हणाले, “रायाजी, माझं पान राहिलं.”

“राहिलं नाही दादा,” मी म्हणालो. “म्हसोबाच्या कोंबड्यातला तुमचा वाटा तुम्ही मागल्या सालीच उचललात. जावयासकट.”

वहिनींच्या हातातली पळी खाली पडली. दादा काहीतरी बोलणार, एवढ्यात दाराबाहेरून काकूंचा खणखणीत आवाज आला, “मुंगसाला दोनदा कशापायी वाढायचं?”

आज सकाळी पाणवठ्यावर दादांना बघून बायका एकमेकींना म्हणत होत्या, कोंबड्या झाका गं! सगुणे, मला फार बरं वाटलं. देव रागावला तर रागावो, बरं वाटलं!

तासाभरापूर्वी ते आले होते. उंबऱ्यात उभे राहिले, आत या म्हटलं नाही. “लेकीचा नवरा दारात होता रे,” म्हणाले. “घरात काही नव्हतं. काय वाढायचं होतं मी?”

“आमटी,” मी म्हणालो.

ते रडले. या खेपेला खरंच रडले असावेत. “ती असं मनाला लावून घेईल असं वाटलं नव्हतं,” म्हणाले. मी म्हणालो, माफी मागायची असेल तर ती ज्या खोलीत पडली होती तिथे जाऊन मागा, मी दार उघडून देतो. ते गेले नाहीत. खाली मान घालून समोर, आपल्या घरात गेले.

लोक म्हणतील झालं ते झालं, भाऊ आहे, सोड. तूसुद्धा म्हणशील, तुझा स्वभावच तसा. पण तुझं ऐकणार नाही या बाबतीत. आणि ज्याने ओळ पाठवली नाही त्यालाही सोडणार नाही. त्याचं तोंड तर मला रोज सकाळी पाण्यात दिसतं.

आता वचन देतो, ऐक. तू म्हसोबाकडे माझा जीव मागितला होतास ना? तो मी वाया घालवणार नाही. घर सोडणार नाही, दुसरीकडे बिऱ्हाड करणार नाही. याच अंगणात, दादांच्या सोप्यासमोर, मी रोज उजाडताना बाहेर येईन आणि दिसेन त्यांना. म्हातारा होईन, दात पडतील, काठी लागेल, तरी येईन. ज्याला मेला म्हणून तू पेज सोडलीस, तो माणूस त्यांना मरेपर्यंत धडधाकट बघावा लागेल.

तुझा, अजून जिवंत,
रायाजी