खालच्या बागेतली खोली

१४ मार्च

ती. दादास,
नमस्कार. मी बरी आहे. वहिनीचा कोट सोबत पाठवते आहे. दोन्ही बाजूंनी बोटभर सैल केलाय, तिला सांगू नकोस.

गेल्या महिन्यात कृषी कार्यालयात पडदे द्यायला गेले होते. अनुदान मिळालेल्या बागायतदारांची यादी आता दारातच लावतात, कुणीही वाचावी म्हणून. तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, "शिवणकाम सांभाळून सफरचंदंही पिकवता? बोलला नाहीत कधी."

"माझ्या कुंडीत पुदिनाही जगत नाही हो."

"मग हे कोण?" त्यांनी यादीवर बोट ठेवलं. माझं नाव होतं. गेली पाच वर्षं आहे म्हणे.

मला मातीतलं ओ की ठो कळत नाही, असं चारचौघांत सांगणाऱ्या भावानं मला बागायतदार केलं आणि मलाच पत्ता नाही. अर्ज करून मी सगळ्या नकला मागवल्या. एका माणसाला ठरावीक झाडांपुरतंच अनुदान मिळतं, म्हणून खालची बाग तू मला दहा वर्षांच्या करारानं कसायला दिलीस. माझी सहीही तूच केलीस. माझ्यापेक्षा वळणदार आली आहे.

इथपर्यंत मला हसू येत होतं, खरंच.

कसणाऱ्यानं जागेवर राहिलं पाहिजे अशी अट आहे, म्हणून करारात बागेतली खोलीही आली. तपासणीचा दाखला जोडलाय: छत नवं, खोली कोरडी, राहण्यायोग्य. त्यावरची तारीख वाचली आणि कागद पालथा ठेवला. हातातलं काज पुरं केलं. मग परत वाचली.

त्याच आठवड्यात मी तुझ्या दारात उभी होते. आईला माझ्याकडचे तीन जिने उतरवत नव्हते. निदान शेवटी झाडं दिसतील अशा जागी तिला न्यायचं होतं. तू म्हणालास, "त्या खोलीचं छत गळतं गं, म्हातारीला न्यूमोनिया व्हायचा." मी तुझे आभार मानून परतले. आईलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "किती काळजी त्याला." पुढे दोन महिने ती खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघत होती. गेली तेव्हाही तोंड तिकडेच होतं.

पैशांचं मी विचारत नाही. तक्रारही केलेली नाही. करारावरची सही माझीच, असं लिहून दिलंय. ती खोटी आहे म्हणायचं असेल तर तू म्हण, त्याच कार्यालयात, त्या यादीसमोर उभा राहून.

सोमवारी सामान घेऊन येते. मशीन जड आहे, उचलायला दोघं लागतील, त्यातला एक तू. कराराची पाच वर्षं बाकी आहेत. तुझ्या स्वयंपाकघरातून त्या खोलीचं दार सरळ दिसतं. रोज सकाळी चहा घेताना मी तुला दिसेन. आईबद्दल माझ्याशी एक शब्दही बोलायचा नाही. माफी तर मागूच नकोस, ती मी घेणार नाही. फक्त बघत राहा.

खोलीत वहिनीची पिंपं आणि खोकी असतील, ती रविवारपर्यंत हलव.

तुझ्या खालच्या बागेची बागायतदार,
धाकटी