निंबोल्याचे कोरे दंड

बुधवारा, बऱ्हाणपूर
२२ डिसेंबर १९५७

प्रिय अक्का,

वर 'तीर्थरूप' न लिहिता 'प्रिय' लिहिलं, रागावू नकोस. आज ज्या गोष्टी लिहायच्या आहेत त्या पाया पडून लिहिता येत नाहीत, जवळ बसूनच लिहाव्या लागतात. तुझं कार्ड दिवाळीच्या आधी आलं. "घरातली पूजा तू सोडलीस असं ऐकते, खरं का?" एवढं एकच वाक्य, आणि खाली दाजींचा नमस्कार. ते कार्ड माझ्या कोटाच्या खिशात दोन महिने फिरतं आहे. आशाने दोनदा विचारलं, अक्कांना उत्तर धाडलंत का. धाडतो म्हणालो. रावेर काय, गाडीनं तासाभराची वाट. मागच्या वर्षी राज्यांच्या नव्या सीमा आखल्या, तू मुंबई राज्यातच राहिलीस आणि मी नव्या मध्य प्रदेशात आलो; पण मी आलो नाही त्याचा दोष त्या सीमेला देता येणार नाही.

ऐकलंस ते खरं आहे. वैशाखापासून मी देवापुढे बसलो नाही. आशा बसते. मी त्या वेळी अंगणात दाढी करतो, नाहीतर सायकलीला तेल घालतो. आईचा तो पितळी बाळकृष्ण तू लग्न होऊन जाताना माझ्या हातात दिला होतास, तो जागेवर आहे, त्याची काळजी करू नकोस. त्याच्याशी माझं कसं होतं ते तुला माहीत आहे. पहाटे राजघाटावर बुडी मारून यायचं, त्याला न्हाऊ घालायचं, लसीची पेटी त्याच्यापुढे ठेवायची आणि म्हणायचं, चल रे बाबा, आज अमक्या गावाला जायचं आहे. वीस-एकवीस वर्षं असं चाललं. लोक मला 'देवीवाला साहेब' म्हणतात, म्हणजे देवी टोचणारा. मला मात्र त्यात उगाचच दुसरा अर्थ ऐकू यायचा आणि बरं वाटायचं.

आता निंबोल्याचं सांगतो. चैत्रात तिकडच्या बाजूच्या दोन गावांत देवी आल्याची खबर आली. निंबोल्यात टोचायला गेलो तर दारं बंद. माय कोपेल, घरावर येईल, असं म्हणत बाया पोरांना घेऊन केळीच्या बागांत लपल्या. चार दिवस मी नुसता जाऊन बसत होतो. शेवटी सुकलाल नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या ओट्यावर जागा दिली. त्याची बायको मालूबाई, पोटुशी होती तेव्हा, आणि सहा वर्षांचा एक मुलगा, लोटू. गावातला पहिला दंड लोटूनं पुढे केला. रडला नाही. माझ्या दंडावरचे वण बोटानं चाचपून विचारलं, "मलेबी असेच पडतीन का?" पडतील म्हणालो. मग मागून तेवीस पोरं टोचली. त्या दिवशी घरी येऊन मी आशाला गोडाचं करायला सांगितलं होतं.

आठव्या दिवशी तपासायला जायचं असतं. टोचल्या जागी फोड उठला म्हणजे लस लागली. लोटू वाटेवर उभा होता. बाही वर करून म्हणाला, "साहेब, मले काहीच नाही उठलं." त्याचा दंड कोरा होता अक्का, पाटीसारखा. चोवीसच्या चोवीस दंड कोरे. पूर्वी लस दोन दिवसांत हातात यायची. नव्या राज्यात कचेऱ्या हलल्या, कागद इकडचे तिकडे झाले, आणि ती पेटी कुठल्याशा स्टेशनवर आठ-दहा दिवस उन्हात पडून राहिली, हे मला मागाहून कळलं. पण लस मेलेली होती हे मी त्याच क्षणी ओळखलं. आणि मी लोटूला म्हणालो, "उठेल, थोडी वाट पाहा." सगळ्या गावाला तेच सांगितलं. दुसरी लस मागवली, पुन्हा एकदा टोचावं लागेल, एवढंच म्हणालो. खरं सांगितलं असतं तर पुन्हा कुणी दार उघडलं नसतं, असं मी मनाला समजावलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला लाज वाटली होती.

नवी लस यायला सव्वीस दिवस लागले. त्या मुदतीत मालूबाई भावाच्या लग्नाला माहेरी गेली, लोटूला घेऊन. त्या गावात देवीची साथ होती, तिला ठाऊकही होतं. पोराला टोचलं आहे, भीती नाही, असं ती तिथल्या बायांना सांगत होती म्हणे. परतल्यावर बाराव्या दिवशी त्याला ताप भरला. मग गावात आणखी घरं. मी पोचलो तेव्हा दारोदारी कडुनिंबाचे डहाळे लावलेले होते. निंबोल्याची पाच पोरं गेली. लोटू तिसरा.

मी घरी आलो, हातपाय धुतले, देवापुढे गेलो आणि मला बसता येईना. आशाला वाटलं उन्हानं चक्कर आली.

तुला वाटेल, अनंताचा विश्वास उडाला. तसं झालं असतं तर सुटलो असतो. देव नाही असं एकदा ठरवलं की भांडण मिटतं. पण तो आहे असंच मला वाटत राहिलं, पहाटेच्या बुडीत, सायकलीवर, सगळीकडे. आणि त्याच्यावर प्रेम करवेना. एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणारी माणसं असतात ना, तसे आम्ही दोघं राहिलो. उन्हाळा एवढा कडक तूच केलास, पेटी त्या फलाटावर पडलेली तुला दिसत होती, चोवीस पोरांनी दंड पुढे केले तेव्हा तू माझ्याबरोबर होतास, मग एक ढग का नाही आणलास, असं मी त्याला विचारत होतो. आषाढात राजघाटाच्या देवळात एक बुवा आले होते. लहान मुलं जातात ती पूर्वजन्मीचं फेडून जातात, असं त्यांनी छान सुरात सांगितलं. मी मधेच उठलो आणि चपला हातात घेऊन पायऱ्या उतरलो. लोटूनं कुठल्या जन्मी काय केलं असेल? आणि लगेच आठवलं की मीही हेच करत आलो होतो. फाळणीनंतर आपल्याकडे सिंधी माणसं आली, त्यांच्या छावणीत मी पोरांना टोचायला जायचो. एका बाईचा एक मुलगा टोचून झाला तेव्हा तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं की दुसरा वाटेत गेला. मी तिला म्हणालो होतो, "भगवान की मर्जी." आणि पुढच्या पोराचा दंड पुसायला घेतला होता. तिनं माझ्याकडे कसं पाहिलं ते मला नऊ वर्षांनी दिसलं.

टोचायचं काम मी सोडलं. हाताला कंप सुटतो असं लिहून दिलं आणि टेबलाचं काम मागून घेतलं. तेही खोटं नव्हतं.

मागच्या महिन्यात, कार्तिक सरता सरता, मालूबाई दारात आली. कापसाच्या गाडीवर बसून सुकलालबरोबर शहरात आली होती. गाडी जिनिंगकडे गेली आणि ती घर विचारत विचारत बुधवाऱ्यात पोचली. कडेवर चार महिन्यांची मुलगी. आशानं तिला पाणी दिलं, आत बोलावलं, पण ती उंबऱ्याबाहेरच बसली. मला वाटलं शिव्या द्यायला आली आहे, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं. तिनं मुलीच्या अंगावरचं दुपटं बाजूला केलं, तिचा दंड मोकळा केला आणि म्हणाली, हिला टोचा.

मी हे काम आता करत नाही, दुसरा माणूस नेमला आहे, तो गावात येईल, असं मी सांगितलं. ती हलली नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. आठव्या दिवशीच मला कळलं होतं, लस मेलेली होती, मी लोटूशी खोटं बोललो, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला लग्नाला नेलं नसतं. आशा आत चुलीपाशी उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. बोलताना मी मालूबाईकडे पाहिलं नाही. त्या तान्ह्या मुलीच्या मुठीकडे पाहत होतो.

मालूबाईनं दुपटं मुलीच्या अंगावर ओढून घेतलं. मग म्हणाली, "मले वाटलंच व्हतं. लोटू घरी येऊन सांगे, साहेबाचं तोंड उतरलं व्हतं म्हनून. तरी मी गेलीच ना लग्नाले. भाऊ एकच व्हता."

तिनं मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"मी तुमाले लई शिव्या देल्या, साहेब. देवालेबी देल्या. आजबी देते. पन उन्हातान्हात आमच्या दारी आले ते तुमीच. दुसऱ्या कोनाचं तोंड मी वळखत नाही. आता हिचा हात धरा."

घरात लस नव्हती. मी कचेरीत गेलो, माझ्या जागी आलेल्या चुडामणकडून ताजी नळी मागितली, तारीख तीनदा वाचली आणि घरी परतलो. हात खरंच कापत होता. मालूबाईनं मुलीचा दंड घट्ट धरला आणि माझं मनगटही दुसऱ्या हातानं धरलं, सहज, विळीवर चिरायला शिकणाऱ्या लहान्याचा हात धरावा तसं. मुलगी किंचाळली. मालूबाई तेव्हा रडली. मीही रडलो. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत होते, आशानं आम्हाला आत घेऊन दार लोटलं.

आठव्या दिवशी मी सायकल काढून निंबोल्याला गेलो. तब्बल सात महिन्यांनी. सुकलाल माझ्याशी बोलला नाही, अजून बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्यानं ओट्यावर घोंगडी टाकली. मुलीच्या दंडावर चांगला टपोरा फोड उठला होता. मी तो इतका वेळ पाहत राहिलो की मालूबाईनं विचारलं, काही वाईट आहे का. नाही म्हणालो, फार चांगलं आहे. येताना गावातल्या आणखी तीन बायांनी, त्यांत एक लेक गमावलेली, आमच्याकडे कधी येता म्हणून विचारलं. सोमवारपासून मी पुन्हा टोचायला जातो आहे.

पूजेचं म्हणशील तर, त्या संध्याकाळी मी बाळकृष्णापुढे जाऊन बसलो. हात जोडले नाहीत. मालूबाईला सांगितलं तसं त्यालाही सगळं ऐकवलं, पाचही पोरांची नावं घेऊन. एवढे महिने मी सगळं त्याच्यावर ढकलत होतो, कारण त्यात माझं खोटं लपत होतं. तेही कबूल केलं. पण माझं मी उचलून घेतल्यावरही पुष्कळ उरतं अक्का, आणि ते माझं नाही, मालूबाईचं नाही, लोटूचं तर नाहीच. ते त्याचं आहे. त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि मिळेल असं वाटतही नाही. तरी मी रोज बसतो आहे. कधी भांडतो, कधी नुसता पाहतो. परवा त्याला न्हाऊ घालताना पाणी फार गार आहे असं वाटून ते चुलीवर कोमट करून घेतलं, तेव्हा माझं मलाच कळलं की माझा राग गेलेला नाही आणि माया पण गेलेली नाही.

आता ज्यासाठी बसलो आहे ते. तुझी मनू गेली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तू बाळंतपणानंतर इथंच होतीस, याच घरात. अकरा महिन्यांची पोर, अंगभर देवी, आणि तिसऱ्या प्रहरी तिला नेलं. दिवेलागणीला तू उठलीस, तोंड धुतलंस आणि देवापुढे वात लावायला बसलीस. मी दारात उभा राहून म्हणालो, "अक्का, तुला काळीजच नाही." तू मागे वळून पाहिलं नाहीस. वात सारखी करत राहिलीस. पुढच्या महिन्यात तू रावेरला गेलीस आणि पुढच्या वर्षी मी देवी टोचायच्या नोकरीला लागलो. लोक म्हणाले, भाचीसाठी. पण बावीस वर्षं माझ्या मनात हेच होतं की तुला ते सोपं गेलं. आता ठाऊक झालं की त्या संध्याकाळी तिथवर चालत जायला तुला काय लागलं असेल. ते शब्द मला परत घ्यायचे आहेत, आणि ते कार्डावर घेता येत नाहीत. म्हणून येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी रावेरला येतो. त्या वेळी तू देवाला काय म्हणालीस ते सांगावंसं वाटलं तर सांग, नको वाटलं तर राहू दे. पण आपण मनूबद्दल बोलू. ती कशी हसायची, तिला काय आवडायचं. बावीस वर्षांत आपण दोघांनी तिचं नाव एकदाही घेतलेलं नाही.

तू वाढवलेला, तुझाच
अनंत