ओली बांधलेली मूर्ती

३ नोव्हेंबर १९६२
आज हॅझलको हॉलवर रुजू झाले. जागा झकास आहे. माझी खोली स्वयंपाकघराच्या बरोबर वर, त्यामुळे फुकटची ऊब मिळते. घराच्या मालकीण मिस थर्सफील्ड यांचा जीव माणसांपेक्षा जुन्या भांड्यांत जास्त. कपाटं भरभरून निळ्या नक्षीची ताटं, तिकोनी टोपीतल्या ढेरपोट्या म्हाताऱ्यांच्या आकाराचे बिअरचे जग, शेकोटीवर चिनीमातीचे कुत्रे. कुठला कुत्रा कुठल्या भट्टीतला हे बाईसाहेब शेपटीवरून ओळखतात. भाच्यांची नावं मात्र विसरतात. हे सगळं धुणं-पुसणं आणि फुटलेलं सांधणं हे माझं काम.

बागेत भाजलेल्या लाल मातीच्या मूर्ती आहेत. ओंजळीत घरटं धरलेली मुलगी त्यांत सगळ्यांत देखणी. बाईसाहेबांच्या आजोबांनी ती करवून घेतली होती. बाग सांभाळतो अमोस टॅम्स. त्याची डावी पापणी अर्धी मिटलेली असते, त्यामुळे सारखा डोळा मारल्यासारखा वाटतो. शहरातल्या पोरी इथे नाताळपर्यंतसुद्धा टिकत नाहीत, असं तो म्हणाला. मीही म्हटलं, म्हातारबुवा, लावा पैज. हसला.

१७ नोव्हेंबर
थंडीआधी बागेतल्या मूर्तींना ताडपत्री बांधतात. अमोसचा खुबा धरलाय, म्हणून शेवटची मूर्ती, ती घरटं धरलेली मुलगी, त्याने माझ्यावर सोपवली. बाईसाहेबांना कळू देऊ नकोस, म्हणाला. खुब्याचं कळलं तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर राहतं घरही. वर बजावलं की पावसाने भिजली आहे, खडखडीत वाळल्याशिवाय बांधायची नाही. माती पाणी पिते, ते आत गोठलं की मूर्ती फुटते.

मला नाचासाठी लीक गावाची बस गाठायची होती. हाताला ओल लागली, तरी बांधून टाकली. अमोसला सांगितलं, कोरडी होती. नाच फार छान झाला.

२८ डिसेंबर
नाताळपासून बर्फ थांबलेला नाही. काल सकाळी बागेत फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. बाईसाहेबांनी ताडपत्री सोडायला लावली. मुलीचं डोकं फुटून खाली पडलं होतं, आणि तुकडे आतून ओलसर होते.

बाईसाहेबांनी अमोसला दिवाणखान्यात उभं केलं. आपणच बांधली, असं तो म्हणाला. खुब्याचं तेव्हाही लपवलं त्याने. मग माझ्याकडे वळला.

"नोराने बघितलंय ना, कोरडी होती. विचारा तिला."

मी म्हटलं, "मी तिथे नव्हतेच."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. बाईसाहेबांनी त्याला दोन दिवसांत घर सोडायला सांगितलं. मी वाईट आहे, हे लिहून ठेवते.

३० डिसेंबर
अमोस गेला. बस बंद आहेत, म्हणून माळावरून चालत निघाला, पलीकडच्या गावात बहिणीकडे. वादळ घोंगावतंय. मी खिडकीतून बघत होते. खिडकी उघडून हाक मारली असती तरी पुरलं असतं. मारली नाही.

बाईसाहेबांनी डोक्याचे तुकडे माझ्या टेबलावर आणून ठेवले. वसंतापर्यंत सांध म्हणाल्या.

२ जानेवारी १९६३
तुकडे एकमेकांत चपखल बसतात. माझ्या हातून काही चूक नाही. पण मुलीचं कपाळ गुळगुळीत होतं, आणि या कपाळावर आठ्या आहेत.

डावा डोळा बसवला. पापणी अर्धी मिटलेली.

बाईसाहेबांना दाखवलं. त्यांना मुलगीच दिसते. छान जमतंय म्हणाल्या.

४ जानेवारी
फक्त तोंडाचा तुकडा राहिलाय. हातात घेतला तर ओठ हलले. मी तो एप्रनच्या खिशात टाकला आणि तोंड सापडत नाही असं बाईसाहेबांना सांगितलं. परत खोटं. पण लावलं तर तो बोलेल, आणि पहिलं माझंच नाव घेईल.

खिसा दिवसभर पुटपुटतोय. शब्द कळत नाहीत — कळू नयेत म्हणून मी जोरात गाते.

६ जानेवारी
टपालवाला बर्फ तुडवत आला. अमोसची बहीण विचारतेय, भाऊ कधी निघणार. पोचलाच नाही. गावचे लोक माळावर शोधताहेत, पण कुठे बघायचं कुणाला ठाऊक?

त्याला ठाऊक असेल.

कपाटातली चकचकीत बशी टेबलावरच्या डोक्याच्या नाकाशी धरली. वाफ धरली बशीवर. म्हणजे जिवंत आहे — कुठेतरी आडोशाला — अजून वेळ आहे. तोंड लावलं की तो सांगेल. सगळंच सांगेल. बाईसाहेब मला हाकलतील, आणि या गावात मला कुणी दारात उभं —

उद्या लावते. नक्की.

७ जानेवारी
सकाळी धैर्य झालं नाही. बशीवर वाफ कमी.

दुपार. खिसा गप्प आहे.

तुकडे चिकटवायचा सरस गरम करायला ठेवलाय. बाईसाहेबांना सगळं सांगितलं. मीच बांधली, ओली असताना, नाचासाठी. त्या तडक माणसं बोलवायला धावल्या. लोक अंगणात उभे आहेत, कुठे जायचं विचारताहेत —

ओठ बसले. चपखल.

अमोस, माझंच चुकलं. मला काय म्हणायचं ते म्हण, पण आधी सांग — कुठे आहेस —

तोंड उघडलं —

आतून बर्फ पडतोय. नुसता बर्फ. टेबलावर, माझ्या हातांवर — थांबतच नाही — अमोस, बोल ना —